भूकासवांचे आरोग्य, परजीवी आणि संवर्धन

भूकासवे म्हणजे टेस्ट्युडिनिडी कुलातील, जमिनीवर राहणारी कासवे. त्यांचे आजार, त्यांच्या अंगावर व पोटात राहणारे परजीवी आणि त्यांच्या जाती टिकवण्याचे प्रयत्न यांचा विचार एकत्रच करावा लागतो. परजीवी सापडला म्हणजे कासव आजारी, असे येथे म्हणता येत नाही. रानातल्या धडधाकट कासवाच्या पोटातही जंत असतात. ते कोणते आहेत, किती आहेत आणि कासव कुठल्या परिस्थितीत राहते, यावर पुढचे सारे ठरते.

ग्रीक भूकासवाच्या मोठ्या आतड्यात टॅचिगोनेट्रिया वंशाचे बारीक, पांढरे सूत्रकृमी हजारोंच्या संख्येने सापडतात. एकाच आतड्यात या वंशाच्या अनेक जाती नांदतात. १९६३ मध्ये जी. ए. शाड यांनी दाखवले की त्यांनी जागा वाटून घेतलेली असते : काही आतड्याच्या भिंतीलगत, काही मधल्या पोकळीत, काही पुढच्या तर काही मागच्या भागात. इतक्या जंतांनिशीही कासव चरत, वाढत असते. या जंतांना मध्यस्थ प्राणी लागत नाही. विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि चाऱ्याबरोबर पुन्हा तोंडात जातात. मोकळ्या रानात कासव चरत पुढे सरकते, त्यामुळे अंडी विखुरतात. कुंपणात मात्र खाणे आणि विष्ठा एकाच जागी, आणि तेच जंत त्रासदायक ठरतात. पिल्ले, शीतनिद्रेतून नुकतीच उठलेली आणि अशक्त कासवे यांना त्याचा फटका आधी बसतो. अँगस्टिकीकमसारखे लांब गोलकृमी आतडे तुंबवूही शकतात.

जंतनाशक देतानाही सावधगिरी हवी. गुराढोरांत सर्रास वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवांना लुळे पाडते, प्रसंगी मारते. १९८० च्या दशकातच हे स्पष्ट झाले होते. फेनबेंडाझोल त्यामानाने सुरक्षित, पण हर्मन भूकासवांत त्यानेही रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याचे आढळले आहे. म्हणून ठरावीक महिन्यांनी सरसकट औषध पाजण्यापेक्षा ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निर्णय घेणे शहाणपणाचे. विष्ठेत दिसणारे बॅलँटिडियमसारखे केसलयुक्त (अंगावर बारीक केसांसारखे तंतू असलेले) एकपेशीय आदिजीव बहुधा निरुपद्रवी असतात आणि त्यांच्यावर उगाच औषधे वाया जातात. पेशीकेंद्रकात वाढणारे कॉक्सिडियम हे आदिजीव मात्र जीवघेणे आहे. एन्टामीबा इन्व्हेडेन्स हा अमीबा पुष्कळ कासवांना त्रास देत नाही, पण सापांना मारतो. कासव आणि साप एका खोलीत ठेवू नयेत, हा नियम त्यातूनच आला.

गोचीड कवचाच्या कडेखालच्या मऊ कातडीत, मागच्या पायांच्या बेचक्यात आणि शेपटीजवळ बसतात. हायलोमा इजिप्टियम हा गोचीड प्रौढपणी मुख्यतः भूकासवांवरच राहतो. त्याच्यातून हिमोलिव्हिया हा रक्तातील आदिजीव पसरतो, तोही चाव्याने नव्हे, तर कासवाने गोचीडच गिळल्यावर. आफ्रिकेतील भूकासवांवरचे अँब्लिओमा गोचीड गुरांच्या ‘हार्टवॉटर’ रोगाचे वाहक असल्याने अमेरिकेने २००० मध्ये तीन आफ्रिकी भूकासवांच्या आयातीवर बंदी घातली.

संवर्धनाला सर्वांत मोठा धडा मात्र परजीवी कृमींनी नव्हे, तर एका जीवाणूने दिला. अमेरिकेतील मोहावे वाळवंटातील भूकासवांच्या नाकातून पाणी गळू लागले, पापण्या सुजल्या, नाकाच्या आतले अस्तर बिघडून वास येईनासा झाला आणि भूक मंदावली. १९९० मध्ये त्या समूहाला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले. १९९४ मध्ये मायकोप्लाझ्मा अगासिझाय हे या श्वसनरोगाचे कारण असल्याचे प्रयोगाने सिद्ध झाले. पाळलेली कासवे रानात सोडल्याने रोग पसरला असावा, असा संशय तेव्हापासून आहे. दयेपोटी सोडलेले कासव रानावर उपकार करतेच असे नाही.

बंदिवासातील बाकीच्या तक्रारी बहुतांशी संगोपनाच्या आहेत. अतिनील किरण व कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ होते. ढालीवर उंचवटे येण्याचा दोष पूर्वी केवळ प्रथिनयुक्त खाद्याला दिला जाई. २००३ मधील एका अभ्यासात आफ्रिकी काटेरी कासवाच्या पिल्लांवर कोरड्या हवेचा परिणाम त्याहून जास्त दिसला.

सर्व भूकासवे साइट्स या, वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराखाली येतात. भारतीय तारांकित कासव २०१९ मध्ये त्याच्या सर्वांत कडक अशा परिशिष्ट १ मध्ये गेले. तरी तस्करी थांबलेली नाही. २०१८ मध्ये मादागास्करमधील तोलियारा येथे एका घरात दहा हजारांहून अधिक किरणांकित कासवे कोंबलेली सापडली. इतक्या दाटीत तहान, उपासमार आणि संसर्ग हातात हात घालून येतात, आणि सुटका झालेल्या प्राण्यांना लगेच रानात सोडता येत नाही. गालापागोसमधील एस्पान्योला बेटाचा समूह १५ कासवांच्या प्रजननातून पुन्हा उभा राहिला. २०२० मध्ये या पालककासवांना परत नेण्याआधी विलग ठेवले गेले, कारण त्यांच्या पोटातून परक्या वनस्पतींचे बीही बेटावर पोचले असते.

विलगीकरणालाही मर्यादा आहेत. हर्पीस विषाणू बरे झालेल्या कासवाच्या शरीरात सुप्त राहतो. ग्रीक भूकासव तो लक्षणांशिवाय वाहते आणि शेजारचे हर्मन भूकासव त्यानेच मरते. त्यामुळे पुनर्वसनासाठी ठेवलेल्या वेगवेगळ्या जाती आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले गट सुरुवातीपासून वेगळे ठेवावे लागतात. त्यांची भांडी, अवजारे आणि पादत्राणेही वेगळी असतात.