रेल्वे मॉडेल : आखणीचा क्रम आणि बांधणीचा क्रम

बेळगाव-खानापूर भागात वाढलेल्या माणसाला रेल्वेचे मॉडेल करावेसे वाटले, की डोळ्यांसमोर बहुधा लोंढा जंक्शन किंवा कॅसलरॉकच्या खालचा घाट उभा राहतो. त्यापाठोपाठ प्रश्न येतो तो सुरुवात कशापासून करायची हा. या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात : आधी काय ठरवायचे आणि आधी काय करायचे. पहिल्याचे उत्तर गाडीपासून सुरू होऊन टेबलापर्यंत खाली येते, तर दुसऱ्याचे टेबलापासून सुरू होऊन गाडीपर्यंत वर जाते. दोन्हींत टप्पे जवळपास तेच असल्यामुळे त्यांची सहज गल्लत होते, आणि बहुतेक वेळा त्या गल्लतीचे पहिले लक्षण म्हणजे मापे न ठरवताच सुताराला बोलावणे. तो दारात उभा राहून "माप सांगा" म्हणतो आणि मालक खोलीकडे पाहून "करा आठ बाय चार" म्हणून मोकळा होतो, कारण प्लायवूडचा तक्ता त्या मापात मिळतो.

आखणीच्या क्रमात टेबलाचे माप हे सर्वांत शेवटी निघणारे उत्तर आहे. आधी कोणती गाडी चालवायची ते ठरते. एलएचबी, म्हणजे आजच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा नव्या धर्तीचा डबा, साडेतेवीस मीटर लांब असतो. १:८७ या एचओ प्रमाणात तो २७ सेंटिमीटर होतो. डब्याच्या लांबीच्या तिप्पट त्रिज्येचे वळण असले तर लांब डबे बेढब न दिसता आणि रुळावरून न घसरता फिरतात, असा या छंदातला सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे त्रिज्या सुमारे ८१ सेंटिमीटर आणि परतीच्या वळणासाठी टेबलाची रुंदी, दोन्ही कडांना थोडी जागा धरून, पावणेदोन मीटर. चार फुटी तक्त्यात, म्हणजे १२२ सेंटिमीटरमध्ये, हे वळण बसतच नाही. शिवाय माणसाचा हात टेबलावर ७० ते ७५ सेंटिमीटरपर्यंतच नीट पोहोचतो, त्यामुळे एवढे रुंद टेबल भिंतीला चिकटवता येत नाही. ते दोन्ही बाजूंनी मोकळे ठेवावे लागते किंवा मध्ये उभे राहण्यापुरती पोकळी सोडावी लागते. हाच डबा १:१६० या एन प्रमाणात १५ सेंटिमीटरहूनही थोडा कमी भरतो आणि पुरे वर्तुळ एका मीटरच्या आत मावते. खोलीचे दार कुठे उघडते इथपर्यंतचे सगळे निर्णय असे एका डब्याच्या लांबीतून एकामागून एक निघत जातात.

स्थानकाचेही तसेच आहे. एचओ प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर, तेव्हा चोवीस डब्यांची खरी गाडी घरात आणण्याचा विचार सोडलेलाच बरा. सहा डबे आणि एक इंजिन एवढी गाडी धरली तरी लूप लाइनची, म्हणजे मुख्य रुळाला समांतर असलेल्या बाजूच्या रुळाची, मोकळी लांबी दोन मीटर लागते आणि दोन्ही टोकांच्या सांध्यांसह (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडांसह) ती तीन मीटरच्या आसपास जाते.

घाटाचा मोह तर आखणीतच तपासून घ्यावा. कॅसलरॉक ते कुळे या घाटात ३७ मीटरला एक मीटर असा चढ आहे आणि तो चढण्यासाठी खऱ्या गाड्यांनाही जादा इंजिने जोडावी लागतात. मॉडेलमध्ये एक रूळ दुसऱ्यावरून नेण्यासाठी साधारण ८ सेंटिमीटर उंची गाठावी लागते. याच चढाने गेले तर त्याला तीन मीटर लागतात आणि उतरायला पुन्हा तेवढेच. वळणावर घर्षण वाढून चढ प्रत्यक्षात आणखी जड पडतो, म्हणून ५० ला एक हा चढ धरावा, तर अंतर चार मीटर होते. माझ्या मते लहान खोलीत दूधसागर बसवण्यापेक्षा एकटे लोंढा जंक्शन केव्हाही चांगले : बेळगावकडची आणि हुबळीकडची गाडी तिथे एकत्र येते, इंजिने बदलता येतात, आणि चढाची भानगड उरत नाही.

बांधणीचा क्रम मात्र याच्या अगदी उलटा आहे. त्यात आधी सांगाडा, मग त्यावर प्लायवूड, त्यावर कॉर्कची पट्टी, मग रूळ, वायरिंग, चाचणी, खडी आणि शेवटी झाडे, इमारती, माणसे. इथे प्रत्येक टप्पा खालच्या टप्प्याला झाकून टाकतो, म्हणून मागे फिरणे महाग पडते. आखणीत चूक खोडरबराने पुसता येते आणि दहा वेळा मागेपुढे करता येते. किंबहुना तसे केले नाही तर आखणी झालीच नाही असे समजावे.

दोन्ही क्रमांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो सांध्यांपाशी. सांधा बदलणारी मोटर टेबलाच्या पोटाशी बसते आणि तिची तार प्लायवूडमधल्या भोकातून वर येऊन सांध्याच्या हलत्या पट्टीला अडकते. सांधा कुठे येणार हे सांगाडा करण्यापूर्वी ठरलेले नसेल, तर नेमकी तिथेच आडवी लाकडी पट्टी येते आणि मोटरला जागा राहत नाही. म्हणजे सांध्याची जागा आखणीत सांगाड्याच्या आधी येते आणि बांधणीत सांगाड्याच्या बऱ्याच नंतर. त्यातही भोक आधी पाडायचे आणि सांधा नंतर ठोकायचा. गाड्या साध्या डीसी प्रवाहावर चालवायच्या की डिजिटल पद्धतीने (प्रत्येक इंजिनाला वेगळी आज्ञा देऊन), हेही असेच आधी ठरवून मधल्या टप्प्यात करण्याचे काम आहे.

खडी टाकण्याची घाई सर्वांनाच होते, कारण खडी पडली की रूळ खरा दिसू लागतो. पण एक भाग फेविकॉल, दोन-तीन भाग पाणी आणि भांड्याच्या पातळ साबणाचा एखादा थेंब हे मिश्रण एकदा खडीत मुरले, की रूळ सहजासहजी निघत नाही, आणि सांध्याच्या जिभेखाली (हलत्या टोकदार रुळाखाली) त्याचा एक थेंब गेला तरी ती जागच्या जागी चिकटून बसते. म्हणून लांबातली लांब गाडी पुढून आणि मागून ढकलत प्रत्येक सांध्यावरून नेऊन पाहावी, रुळांच्या बाजूंना गंजाचा रंग द्यावा आणि मगच खडी टाकावी. लोंढ्याकडची तांबडी माती गाळून वापरायची असेल, तर आधी तिच्यातून लोहचुंबक फिरवावे, कारण चिकटणारे कण पुढे इंजिनाच्या मोटरीत जातात.

खालून वर जाण्याच्या नियमाला अपवादही आहेत. भिंतीवरचे आकाश आणि डोंगररांग रूळ टाकण्याआधी रंगवावी, कारण नंतर हात तिथवर पोहोचत नाही. बोगद्यातला रूळ पूर्ण तपासून, घसरलेला डबा काढण्यासाठी मागे खिडकी ठेवून, मगच वरचा डोंगर बुजवावा.

आपल्याकडच्या पावसाचा हिशेब यांपैकी कोणत्याच क्रमात येत नाही, तो वेगळा करावा लागतो. खानापूर तालुक्यात जून ते सप्टेंबर घरातली हवा इतकी दमट असते, की लाकूड फुगते आणि फेब्रुवारीपासून ते पुन्हा आकसते. पावसाळ्यात जोड घट्ट जुळवून टाकलेला रूळ उन्हाळ्यात एकमेकांवर रेटला जाऊन वाकडा होतो. त्यामुळे सांगाड्याचे लाकूड उन्हाळ्यात वाळवून, सर्व बाजूंनी रंग देऊन घ्यावे. रूळ पावसाळ्यातच टाकायची वेळ आली, तर प्रत्येक जोडापाशी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट सोडावी, सगळे जोड झाळून बंद करू नयेत, आणि वीज जोडपट्टीच्या भरवशावर न सोडता रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर द्यावी.