परदेशी दत्तकाची फाईल एवढी जाड का?

मूल दत्तक म्हणून परदेशी जायचे असेल तर गृहअभ्यास अहवाल (दत्तक घेणाऱ्यांच्या घराची पाहणी), मुलाचा अभ्यास अहवाल, वैद्यकीय तपासणी, मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे असल्याचा बालकल्याण समितीचा दाखला, ‘कारा’चे, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, ना-हरकत प्रमाणपत्र आणि परदेशी दत्तकाबाबतच्या आंतरराष्ट्रीय हेग कराराच्या कलम 23 चा दाखला, एवढे सगळे लागते. पणजी-मडगावच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालणारी माणसे वैतागतात, ते साहजिकच. पण हे कागद कारकुनांच्या हौसेपायी आलेले नाहीत.

गोव्यात अनाथ मुलांवर सरकारची नजर गेली ती वेगळ्याच कारणाने. 1559 मध्ये पोर्तुगालच्या राजाने फर्मान काढले: आईबाप, आजीआजोबा नसलेली हिंदू मुले जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात जेझुइट पाद्र्यांच्या हवाली करावीत आणि त्यांना बाप्तिस्मा द्यावा. काका-मामा जिवंत असले तरी त्यांना विचारायचे कारण नव्हते. मग नातेवाइकांनी पोरे लपवली, रातोरात नदीपार आदिलशाही मुलखात नेली. मूल कोणाचे, कोणाकडे जावे, हे एका हुकमाने ठरत होते. मुलाच्या माणसांची संमती हा विषयच नव्हता.

पुढचा अडथळा उलट्या बाजूने आला. गोव्यात 1870 पासून लागू झालेल्या 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत दत्तकाची तरतूदच नव्हती. हिंदूंच्या चालीरीतींसाठी 16 डिसेंबर 1880 चा हुकूमनामा निघाला, त्यात दत्तविधानाला जागा मिळाली. ख्रिस्ती घरांत मात्र ‘पोसकें’ राहिले: घरात वाढलेले, घरच्यांचे काम करणारे, पण वारसाहक्क नसलेले मूल. पोर्तुगालने 1966 च्या नव्या संहितेत दत्तक परत आणले, पण गोवा 1961 लाच मुक्त झालेला. आपल्याकडे जुनीच संहिता उरली. 1955-56 चे हिंदू कायदेही इथे लागू झाले नाहीत. कायद्याच्या या पोकळीत किती पोसकीं म्हातारी झाली, कोण मोजणार?

देशात इतरत्रही परिस्थिती फारशी बरी नव्हती. सर्व धर्मांसाठी दत्तक कायदा करायची विधेयके 1972 आणि 1980 मध्ये आली आणि बारगळली. परदेशी जोडपी 1890 च्या पालक-पाल्य कायद्याखाली मुलाचे पालकत्व घेत, त्याला परदेशी नेत आणि दत्तक तिकडे पूर्ण करत. मधल्या मध्ये मुलाचे काय झाले, हे पाहायला इथे कोणी नसे. 1982 मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्याचीच याचिका झाली आणि न्या. पी. एन. भगवती यांनी 6 फेब्रुवारी 1984 रोजी निकाल दिला. पालकांच्या घराचा अहवाल, मुलाचा अहवाल, मान्यताप्राप्त संस्था, त्यांची छाननी: आजच्या फाईलचा सांगाडा तिथला. ‘कारा’ 1990 मध्ये स्थापन झाली.

गोव्याने स्वतः मोजलेली किंमत वेगळी. मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला 1991 मध्ये अटक झाली आणि मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल 1996 मध्ये जन्मठेप झाली. अनाथाश्रम चालवतो म्हणून माणूस भला, हा समज तिथेच मोडला. गोवा बाल कायदा 2003 चा. योगायोग असा की हेग करार भारताला लागू झाला तोही 1 ऑक्टोबर 2003 लाच.

बाल न्याय कायद्याने 2000 नंतर धर्म न पाहता दत्तकाची वाट मोकळी केली; सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ती पक्की केली. 1867 ची संहिता डोक्यावर असलेल्या इथल्या ख्रिस्ती जोडप्यांसाठी हे मोठेच होते. 2015 च्या कायद्याने ‘कारा’ला वैधानिक दर्जा दिला. मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी 60 दिवस मिळतात. 1559 आठवले की या 60 दिवसांचे मोल कळते. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. काम लवकर उरकते खरे, तरी जमीन आणि निवडणुका सांभाळणाऱ्या टेबलावर हे प्रकरण जाणे मला तितकेसे पटत नाही.

गोव्याची खास गुंतागुंत अजून वेगळी. दक्षिण गोव्यातल्या साष्टीत जन्मलेला, लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आणि इंग्लंडात स्विंडनला राहणारा गोंयकार आपल्याच गावच्या आश्रमातले मूल मागतो, तेव्हा त्याची प्रक्रिया आंतरदेशीय, म्हणजे परदेशी दत्तकाची, ठरते. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे) असेल तर इतर परदेशी अर्जदारांपेक्षा त्याला प्राधान्य मिळते. पण गृहअभ्यास मडगावच्या घराचा होत नाही. तो राहत्या देशातल्या अधिकृत संस्थेकडूनच करून आणावा लागतो.