बेसमेंटमध्ये बार करायचाय? आधी भिंती बघू
न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"बेसमेंट फिनिश करायचंय, एका कोपऱ्यात छानसा बार हवा," असा फोन आला की पहिल्या भेटीला आम्ही टाइल्सचे नमुने आणत नाही. टॉर्च आणि ओल मोजायचं मीटर आणतो. इथे थंडीत जमीन गोठते, म्हणून घराचा पाया साधारण तीन फूट खाली न्यावाच लागतो. आणखी थोडं खणलं की तळघर मिळतं, पण ते चारी बाजूंनी मातीत असतं आणि मातीत पाणी असतं. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने मॅनव्हिल भागात पूर आणून काय केलं, ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. आमचा आग्रह एवढाच की आधी पाण्यावर खर्च करा, ग्रॅनाइटवर नंतर.

काँक्रीटवर पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा. भिंतीतून झिरपलेलं पाणी सुकतं आणि क्षार मागे राहतात. त्यावर रंग मारून काही होत नाही, पोपडे येतात. जमिनीची चाचणी तुम्हीच करू शकता. दीड फुटाचा चौकोनी जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी काढून बघा. खाली थेंब असले किंवा काँक्रीट काळपट झालं असेल, तर लाकडी फ्लोअरिंगचा विचार सोडा. उपाय बऱ्याचदा घराबाहेरच सापडतो: तुंबलेली पन्हळ साफ करायची, तिचं पाणी पायापासून लांब सोडायचं, अंगणाला पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार द्यायचा. सम्प पंप (तळघराच्या खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा) असेल तर त्याला बॅटरी बॅकअप हवाच, कारण वादळात वीज जाते आणि पंप लागतो तोही तेव्हाच. घराच्या साध्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, आणि पंप बंद पडून पाणी भरलं तर त्यासाठीही बहुधा वेगळं कलम घ्यावं लागतं. पॉलिसी काढून एकदा वाचाच.

भिंत बांधताना काँक्रीटला लागून फोम बोर्ड, मग स्टड (भिंतीचे उभे खांब), मग ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड). फायबरग्लासचं इन्सुलेशन थेट काँक्रीटला टेकवलं की उन्हाळ्यातली दमट हवा थंड भिंतीवर घाम धरते आणि आतून बुरशी चढते. बाहेरून काही दिसत नाही, कुबट वास तेवढा येतो.

रेडॉन या जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी वायूबद्दल फारसं कोणी विचारत नाही. 1984 च्या डिसेंबरात शेजारच्या पेनसिल्व्हेनियात लिमरिक अणुवीज प्रकल्पावर एका अभियंत्यामुळे किरणोत्साराची धोक्याची घंटा वाजली, तीही तो कामावर येत असताना. किरणोत्सार तो स्वतःच्या घरातून घेऊन येत होता! त्याच्या घराखाली रीडिंग प्रॉंग नावाचा खडकाचा पट्टा होता आणि तोच पट्टा उत्तर न्यू जर्सीतूनही जातो. रेडॉनला रंग नाही, वास नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरचं धूम्रपानाखालोखालचं कारण तेच आहे. चाचणी दारं-खिडक्या बंद ठेवून किमान 48 तास चालते. लिटरमागे 4 पिकोक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक) किंवा जास्त आलं तर पाइप आणि पंखा बसवून गॅस छपरावर सोडायचा. भिंती उघड्या असताना हे काम सोपं जातं.

आता बार. कट्टा 42 इंच उंच, स्टूल 30 इंच, माणशी दोन फूट जागा. गुडघ्यांसाठी कट्टा दहा इंच पुढे काढायचा आणि मागे वावरायला तीन फूट सोडायचे. सिंक असावंच, असं आमचं ठाम मत आहे. ग्लास धुवायला तर लागतंच, पण गणपतीला खाली पन्नास माणसं जमतात तेव्हा चहाची भांडी घेऊन जिने चढायला लागत नाहीत. अनेक घरांत ड्रेनची लाइन बेसमेंटच्या जमिनीपेक्षा वरून जाते. तिथे सिंकच्या पाण्यासाठी छोटा पंप लागतो, तो अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा. फ्रिज समोरून गरम हवा टाकणारा घ्या, नाहीतर कट्ट्याखाली कोंडून लवकर बिघडतो. बाटल्यांच्या कपाटाला कुलूप लावा. घरात 21 च्या आतली मुलं आहेत.

एक कायद्याची गोष्ट. याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये 'केली विरुद्ध ग्विनेल' या खटल्यात ठरवलं, की उघड उघड नशेत असलेल्या आणि गाडी चालवणार आहे हे माहीत असलेल्या पाहुण्याला यजमानाने आणखी पाजली, तर अपघाताच्या भरपाईला तोही जबाबदार. म्हणून बारशेजारी पाहुण्याला झोपता येईल अशी खोली आम्ही सुचवतो. मात्र झोपायची खोली म्हटली की आगीत बाहेर पडता येईल अशी खिडकी आलीच: उघडी जागा किमान 5.7 चौरस फूट, खालची कड जमिनीपासून 44 इंचांच्या आत. उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आईबाबांना खाली झोपवणार असाल, तरी हाच नियम.

खेळांचं थोडक्यात. आठ फुटी पूल टेबलला काठी फिरवायला साधारण 13.5 बाय 17 फूट मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर कॅरम, आणि त्यावर टांगता दिवा. गाण्याच्या बैठका होत असतील तर छताच्या लाकडांमध्ये मिनरल वूल (आवाज अडवणारी दगडी तंतूंची लोकर) भरून घ्या. तबला वर बेडरूममध्ये ऐकू येतो.

परमिट टाऊनशिपकडून आम्ही काढतो. परमिटशिवायचं बेसमेंट घर विकताना अडतं, त्यामुळे तसं काम आम्ही घेत नाही. ड्रायवॉल चढण्याआधी इन्स्पेक्टर वायरिंग आणि पाइप तपासायला येतात. त्या दिवशी प्रत्येक भिंतीचा मोजायचा टेप धरून फोटो काढून ठेवा, पुढे टीव्ही टांगताना खिळा कुठे मारायचा नाही ते कळेल.