बालहत्या प्रतिबंधक गृह

लग्नाच्या नात्याबाहेर दिवस गेलेल्या स्त्रियांना, मुख्यतः विधवांना, गुपचूप आणि सुखरूप बाळंत होता यावे व जन्मलेले मूल जगावे यासाठी एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात निघालेली संस्था. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी असे गृह १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घराच्या आवारात सुरू केले. त्यानंतर १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात दुसरे उभे केले. स्त्रीच्या प्रजनन-आरोग्याचा आणि तिच्या खासगीपणाचा विचार एकत्र करणाऱ्या संस्थांमध्ये ही गृहे फार आधीची आहेत. तरीही शालेय पुस्तकांत त्यांना फुले दांपत्याच्या कार्याच्या यादीतली एक ओळ एवढीच जागा मिळते. ती त्यांच्या योग्यतेच्या मानाने फारच कमी आहे.

मुलगी म्हणून जन्मताच बाळाला मारण्याची जी प्रथा उत्तर व पश्चिम भारतातील काही घराण्यांत होती आणि जिच्याविरुद्ध १८७० चा कायदा झाला, तिच्याशी या गृहांचा संबंध नाही. इथे बाळ मुलगा की मुलगी हा प्रश्नच नव्हता. बाळ आहे हेच संकट होते.

पार्श्वभूमी. ब्राह्मण आणि काही उच्चवर्णीय जातींत मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत. नवरा अनेकदा वयाने कितीतरी मोठा, कधी बिजवर. तो गेला की मुलगी जन्माची विधवा. तिचे केशवपन करायचे, अंगावर आलवण (विधवेचे लाल लुगडे), एकवेळ जेवण, शुभकार्यात मज्जाव आणि घरात राबणे. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली होती, पण असा विवाह करणाऱ्यांवर बहिष्कार पडत असल्याने तो कागदावरच राहिला. बहुतेक शेतकरी आणि कारागीर जातींत पाट किंवा मोहतूर लावून विधवेचा संसार पुन्हा उभा राही. म्हणजे सक्तीचे वैधव्य हे जातीच्या उंचीबरोबर येणारे दुःख होते, आणि ते ओळखून त्यावर उपाय काढणारे फुले स्वतः माळी समाजातले होते.

अशी तरुण विधवा घरातल्याच दिराच्या, सासऱ्याच्या, शेजाऱ्याच्या किंवा आश्रयदात्याच्या तावडीत सापडे. कधी तिचेही मन गुंतलेले असे, तेही नाकारण्याचे कारण नाही. दिवस गेल्यावर मात्र सारे तिच्या एकटीच्या अंगावर येई. गर्भ पाडण्यासाठी विषारी औषधे घेणे, विहीर जवळ करणे, तीर्थयात्रेच्या निमित्ताने परगावी जाऊन बाळंत होणे आणि मूल टाकून परतणे, किंवा जन्मलेल्या बाळाचा गळा दाबणे एवढ्याच वाटा उरत. बोभाटा झाला तर जातपंचायत तिला वाळीत टाकी. तिचे घटश्राद्ध घालून ती मेल्याचे जाहीर करण्याचा विधीही धर्मशास्त्राने सांगितला होता. पुरुषाला बहुधा प्रायश्चित्त पुरे.

त्यातच १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता अमलात आली. खून हा गुन्हा होताच. आता गर्भपात घडवणे (कलम ३१२, ज्यात स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही गुन्हेगार ठरते), मूल उघड्यावर टाकणे (कलम ३१७) आणि मृत बाळाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवणे (कलम ३१८) हेही देशभर एकसारखे गुन्हे झाले. विधवेभोवती धर्माचा फास होताच, त्यात सरकारी कायद्याचा दुसरा फास पडला. या दोहोंच्या मधल्या फटीत उभे राहिलेले घर म्हणजे फुल्यांचे बालहत्या प्रतिबंधक गृह.

काशीबाईचा खटला. गृह निघण्यामागची घटना खुद्द फुल्यांनी ४ डिसेंबर १८८४ च्या लेखी निवेदनात नोंदवली आहे. पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढून मते मागवली होती, त्यांना दिलेले हे उत्तर. काशीबाई ही तरुण ब्राह्मण विधवा फुल्यांच्या एका मित्राकडे स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे प्रयत्न फसले, मुलगा झाला आणि अब्रूच्या भीतीने तिने त्याला मारून विहिरीत टाकले. संशयावरून पोलिसांनी तिला पकडले, पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ती एकटीच अंदमानाला गेली.

या खटल्यावर पुण्यात कुजबुज झाली असेल, हळहळही झाली असेल. फुल्यांनी मात्र आपल्याच आवारात ब्राह्मण विधवांसाठी गृह उघडले, खर्च झेपण्याजोगा नसतानाही. पैशाची ही अडचण त्यांनी स्वतःच निवेदनात लिहिली आहे.

गृहाची पद्धत. ब्राह्मण वस्तीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यांवरील भिंतींवर छापील जाहिराती चिकटवण्यात आल्या. त्यांचा आशय असा : विधवांनी इथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे. मूल बरोबर न्यायचे की इथेच ठेवायचे ही तिची खुशी. मागे राहिलेल्या मुलाचा सांभाळ गृह करील. सावित्रीबाई बाळंतिणींची आणि पोरांची देखभाल करीत.

जाहिरातीतल्या या साध्या वाक्यांत तीन गोष्टी आहेत, आणि माझ्या मते गृहाचे सारे महत्त्व त्यांतच आहे. पहिली गुप्ततेची हमी. गुप्तता नसती तर त्या घराचा उंबरा एकीनेही ओलांडला नसता, कारण मरण जितके भय दाखवी त्याहून अधिक भय ओळख पटण्याचे होते. दुसरी सुरक्षित बाळंतपण, म्हणजे आईच्या शरीराची काळजी. तिसरी, मुलाबाबतचा निर्णय आईच्या हाती. ज्या बाईला डोक्यावरचे केस राखायचे की नाही हेही ठरवता येत नव्हते, तिला इथे आपल्या मुलाबद्दल निर्णय घेण्याचा हक्क होता. बाळंत होण्यासाठी पश्चात्ताप, धर्मांतर किंवा बापाचे नाव सांगणे अशी कोणतीही अट जाहिरातीत नव्हती.

स्थळाचाही विचार करायला हवा. पुण्यात मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढल्याबद्दल फुले दांपत्याला सनातन्यांचा रोष सोसावा लागला होता. त्यांचा विरोध करणाऱ्या जातीतल्याच बायका आता रात्री-बेरात्री त्यांच्या दारी येणार होत्या, आणि माळ्याच्या घरी बाळंत झाल्याचा बोल लागणार होता तो वेगळाच. फुल्यांच्या ब्राह्मणशाहीवरील टीकेची धार सर्वांना ठाऊक आहे. त्या टीकेचा ब्राह्मण स्त्रीविषयीच्या करुणेशी विरोध नव्हता, दोन्ही एकाच विचारातून आली होती.

पस्तीस आणि पाच. १८८४ च्या त्याच निवेदनात फुले सांगतात की स्थापनेपासून तोवर ३५ गरोदर विधवा या गृहात येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जिवंत आहेत. उरलेली तीस दगावली, आणि त्याचे कारण त्यांनी दिले आहे ते असे की गर्भ लपवण्यासाठी आयांनी विषारी औषधे घेतली असावीत व त्यांची इजा पोटातच झाली असावी.

हे आकडे गृहाची थोरवी सांगताना वगळले जातात किंवा नुसती पस्तीस ही संख्या सांगितली जाते. ते बरोबर नाही. वीस-एकवीस वर्षांत जेमतेम पस्तीस जणी आल्या, आणि त्याही बहुतेक सारे उपाय करून थकल्यावर आल्या. आधी औषध, मग औषध फसल्यावर गृह, असा हा क्रम होता. म्हणून या गृहाची नोंद बालहत्येइतकीच असुरक्षित गर्भपाताच्या इतिहासातही व्हायला हवी. आईच्या पोटात काय गेले होते आणि त्याने तिच्या स्वतःच्या शरीराचे काय केले याची आकडेवारी कोणी ठेवलेली नाही. तीस बालमृत्यूंवरून तिचा अंदाज मात्र येतो. फुल्यांनी हे अपयश झाकले नाही हे त्यांच्या सामाजिक प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

दोन काशीबाई आणि यशवंत. गृहाविषयीच्या लोकप्रिय लिखाणात एक घोळ वारंवार दिसतो. १८७४ मध्ये काशीबाई नावाचीच आणखी एक ब्राह्मण विधवा गृहात बाळंत झाली. तिच्या मुलाला फुले दांपत्याने दत्तक घेतले. हाच यशवंत. अंदमानची शिक्षा झालेली काशीबाई ती ही नव्हे. दोघींना एकच समजल्याने पहिलीचा शेवट सुखाचा झाल्यासारखा वाटतो, जो झालाच नाही.

फुल्यांनी १८८७ मध्ये केलेल्या मृत्युपत्रात यशवंताला वारस केले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याबाहेर त्याने रुग्णांसाठी दवाखाना चालवला, आणि त्या सेवेतच सावित्रीबाईंना प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

पंढरपूरचे गृह. पंढरीला वारीच्या गर्दीत कोण कुठून आले हे कळत नसे. याच आडोशाने गरोदर विधवांना इथे आणून सोडण्यात येई आणि नवजात मुले टाकून देण्यात येत. तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ आणि प्रार्थना समाजाचे त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नाने १८७५ मध्ये गृह सुरू झाले. एका घरातल्या दोघांच्या हिमतीवर चाललेल्या पुण्याच्या गृहापेक्षा याला संस्थेचा आधार होता आणि ते टिकले. वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ते पुढे ओळखले गेले.

समकालीन वाद. त्या काळच्या विधवाविवाहाच्या चर्चेत सहानुभूतीचा मोठा वाटा अक्षत, म्हणजे नवऱ्याशी संबंध न आलेल्या, बालविधवेकडे जाई. जिला नवऱ्याचा चेहराही आठवत नाही तिचे लग्न व्हावे, हे पटवणे त्या मानाने सोपे होते. गरोदर राहिलेली विधवा सुधारकांनाही अडचणीची वाटे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात बाळाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, जी पुढे कमी करण्यात आली. त्यावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीच्या चारित्र्याचा पंचनामा सुरू झाला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिले. बाईला या अवस्थेत आणणारा पुरुष कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. काशीबाईच्या खटल्यानंतर ज्याने गृह काढले त्याला ताराबाईंचा राग परका वाटण्याचे कारण नव्हते.

आजचा कायदा. ज्या गरजांपोटी ही गृहे निघाली त्यांतल्या काही आता कायद्यात आल्या आहेत. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने ठरावीक अटींवर डॉक्टरकडून गर्भपात वैध केला. पण गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण त्यात विवाहित स्त्री आणि तिचा नवरा यांच्यापुरतेच होते. ते बदलून कोणतीही स्त्री आणि तिचा जोडीदार असे व्हायला २०२१ साल उजाडले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भाबाबतही विवाहित-अविवाहित हा भेद अमान्य केला. अल्पवयीन मुलगी आणि तिचे पालक यांची विनंती असल्यास पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची सक्ती डॉक्टरवर नाही, हेही त्याच निकालात आहे. गुप्ततेशिवाय मुली दवाखान्यात येत नाहीत आणि घरगुती उपायांकडे वळतात, हा त्यामागचा विचार पुण्याच्या भिंतींवरील जाहिरातीइतकाच जुना आहे.

मूल सांभाळणे शक्य नसलेली आई २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार ते बालकल्याण समितीकडे सोपवू शकते. निर्णय बदलायला तिला दोन महिन्यांची मुदत असते. दत्तक गेलेले मूल मोठेपणी आपल्या जन्माचा शोध घेऊ शकते, पण आईचे नाव गुप्त ठेवण्याचा तिचा हक्कही राखला जातो. मुलाचा हक्क आणि आईचा हक्क इथे खरोखर एकमेकांसमोर येतात. फ्रान्समध्ये स्त्रीला नाव न सांगता रुग्णालयात बाळंत होता येते. जर्मनीने २०१४ पासून गोपनीय प्रसूतीची सोय केली, पण मूल सोळा वर्षांचे झाल्यावर त्याला आईचे नाव जाणून घेण्याची वाट ठेवली.

भारतात सोपवण्याची ही तरतूद आहे हे अडचणीतल्या किती मुलींपर्यंत पोहोचले आहे, हे उकिरड्यावर आणि बसस्थानकांत सापडणाऱ्या नवजात बाळांच्या बातम्यांवरून समजते. अशा प्रत्येक बातमीनंतर पोलीस शोध घेतात तो आईचा. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात मूल टाकण्याचा गुन्हा कलम ९३ मध्ये आणि जन्म लपवण्याचा गुन्हा कलम ९४ मध्ये आहे. या दुसऱ्या गुन्ह्यासाठी आजही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.