आल्प्सच्या हटमधला एक मुक्काम पृथ्वीला केवढ्याला पडतो?

स्वित्झर्लंडमधल्या झरमॅट गावाच्या वर, 2883 मीटर उंचीवर मॉन्टे रोझा हट आहे. हट म्हणजे गिर्यारोहकांसाठी डोंगरावर बांधलेलं मुक्कामाचं घर. बाहेरून ॲल्युमिनियमने मढवलेली, आत लाकडाचा सांगाडा, दक्षिणेच्या भिंतीवर सोलर पॅनेल. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठाने आणि स्विस अल्पाइन क्लबने मिळून 2009 साली ती उभी केली, तेव्हा लागणाऱ्या ऊर्जेपैकी 90 टक्के जागेवरच मिळवायची असं लक्ष्य ठेवलं होतं. फोटोत ती इतकी झळाळते की तिच्या पर्यावरणस्नेहाबद्दल शंका घेणं म्हणजे पाप वाटावं. शंका घ्यायला मात्र हवी.

असा हिशेब मांडायच्या पद्धतीला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. साहित्य तयार होण्यापासून इमारत पाडण्यापर्यंत पर्यावरणाला पडणारा सगळा खर्च त्यात धरायचा आणि तो एका माणसाच्या एका मुक्कामावर वाटायचा.

सुरुवात पाण्यापासून करू, कारण उंचावर पाणी म्हणजेच ऊर्जा. एक किलो बर्फ नुसता वितळवायला 334 किलोज्यूल लागतात. या उंचीवर पाणी साधारण 90 अंशांना उकळतं, आणि तिथवर तापवायला आणखी 377. म्हणजे चहाच्या आधणाची जवळजवळ निम्मी ऊर्जा बर्फाचं पाणी करण्यातच जाते. 100 पाहुण्यांना माणशी पाच लिटर पाणी धरलं, तर केवळ वितळवण्यासाठी रोज 46 युनिट. डिझेल जनरेटरवर हे काम केलं तर सुमारे 15 लिटर डिझेल जळेल, आणि तेही आधी हेलिकॉप्टरने वर आणायचं. मॉन्टे रोझाने यावर काढलेला उपाय मला तिच्या सोलर पॅनेलपेक्षा जास्त आवडतो. उन्हाळ्यात आपोआप वितळणारं पाणी हटपेक्षा सुमारे 40 मीटर उंचावर, खडकात कोरलेल्या टाकीत साठवतात. तिथून ते उतारानेच खाली येतं, नळाला चार बारच्या आसपास दाब मिळतो आणि पंपाची गरज पडत नाही.

सांडपाण्याचं दुखणं वेगळं. मैला कुजवणारे जिवाणू थंडीत आळसावतात. मूत्रातल्या अमोनियावर काम करणारे तर 10 अंशांखाली फारच मंदावतात. म्हणून शुद्धीकरण यंत्रणेला ऊब आणि वीज दोन्ही पुरवावी लागतात. पाणी जितकं जास्त वापराल, तितकी वीज जास्त. हटमध्ये अंघोळीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता हेलिकॉप्टर. बांधकामाच्या वेळी सुमारे 3000 फेऱ्या झाल्या. आकडा ऐकूनच डोळे पांढरे होतात. पण एका फेरीला 30 लिटर इंधन धरलं, तर एकूण 90,000 लिटर, म्हणजे साधारण 225 टन कार्बन डायऑक्साइड. वर्षाला 6000 मुक्काम आणि 50 वर्षांचं आयुष्य गृहीत धरा. मुक्कामामागे पडतो पाऊण किलो. हे आकडे माझे, ढोबळ आहेत, पण त्यावरून खर्चाची पातळी कळते. मुंबईहून झुरिचला विमानाने जाऊन आलात तर माणशी टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड होतो. तो हटच्या खात्यात लिहायचा की पाहुण्याच्या, यावर निकाल पार उलटू शकतो. माझ्या मते तो वेगळ्या ओळीत का होईना, लिहायलाच हवा.

या गणितात सगळ्यात नाजूक आकडा आहे तो 50 वर्षांचा. उंचावरचे खडक आत गोठलेल्या पाण्याने एकमेकांना धरून असतात, आणि तापमानवाढीने ती पकड सुटत चालली आहे. स्वित्झर्लंडमधलीच मुटहॉर्न हट दरड कोसळण्याच्या भीतीने बंद करावी लागली. हट पंधरा वर्षांत सोडावी लागली, तर तो पाऊण किलो अडीच किलो होतो. तेव्हा जागा निवडणारा भूगर्भतज्ज्ञ हा पर्यावरणाच्या हिशेबातलाही मोठा माणूस.

दुसरी गोम भागाकारात आहे. मॉन्टे रोझाचं इतकं नाव झालं की अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले. वीज आणि सांडपाणी, दोन्ही यंत्रणांवर ताण आला आणि पूरक म्हणून ठेवलेलं इंजिन ठरल्यापेक्षा जास्त चालवावं लागलं. गंमत अशी की माणसं वाढली की बांधकामाचा खर्च जास्त जणांत वाटला जातो आणि मुक्कामामागचा तो आकडा घटतो. कागदावर हट सुधारली, पण डोंगरावरचा एकूण भार वाढला. म्हणून कुठल्याही अहवालात 'प्रति मुक्काम' हे शब्द दिसले की शेजारी एकूण आकडा शोधावा.

फ्रान्समध्ये माँ ब्लाँ शिखराच्या वाटेवर 3835 मीटरवर असलेली गूते हट 2013 साली नव्याने सुरू झाली. तिथे बर्फ वितळवायला सूर्याची उष्णता वापरतात. तिच्यात 120 खाटा आहेत, आणि 2019 पासून त्या नेहमीच्या वाटेने शिखरावर जाणाऱ्यांना आधी नावानिशी मुक्कामाचं आरक्षण करावं लागतं. खाट नसेल तर वर जायचं नाही. हा नियम कुठल्याच यंत्राच्या माहितीपत्रकात नसतो, पण मूल्यमापन करताना मी त्याला सोलर पॅनेलच्या बरोबरीचे गुण देईन.