राष्ट्रगीत व देशभावना

राष्ट्राचे अधिकृत किंवा रूढ प्रतीक म्हणून समारंभप्रसंगी गायले वा वाजविले जाणारे गीत आणि त्याविषयीची निरनिराळ्या देशांतील लोकभावना. राष्ट्रगीताला शब्द असतातच असे नाही. स्पेन, कोसोव्हो, बॉस्निया-हर्झगोव्हिना व सान मारीनो यांच्या राष्ट्रगीतांना अधिकृत शब्द नाहीत.

सर्वांत जुने राष्ट्रगीत कोणते, हा प्रश्न निकष ठरविल्याशिवाय सुटत नाही. जपानच्या ‘किमिगायो’चे शब्द दहाव्या शतकाच्या आरंभीच्या काव्यसंग्रहात आढळतात, पण आजची चाल १८८० मधील आहे. नेदरलँड्सचे ‘विल्हेल्मस’ साधारणतः १५६८ ते १५७२ या काळात रचले गेले असावे, मात्र त्यास अधिकृत मान्यता १९३२ मध्ये मिळाली. त्याचे कर्तृत्व परंपरेने लेखक फिलिप्स फान मार्निक्सकडे दिले जाते. शैलीच्या आधारे अलीकडे त्याविषयी शंका घेतली गेली आहे. आजच्या अर्थाने राष्ट्रगीताची प्रथा ब्रिटनमध्ये सुरू झाली, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. सप्टेंबर १७४५ मध्ये जॅकोबाइट (पदच्युत स्ट्यूअर्ट राजघराण्याच्या समर्थक) बंडखोरांनी स्कॉटलंडमधील प्रेस्टनपॅन्सची लढाई जिंकल्यावर लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात संगीतकार टॉमस आर्नने बसविलेले ‘गॉड सेव्ह द किंग’ गायले गेले. मूळ रचनाकार कोण, याविषयी एकमत नाही. कवी-संगीतकार हेन्री केरीच्या बाजूने मुख्य साक्ष त्याच्या मुलाची. पण ती अनेक दशकांनंतरची असून त्याला या दाव्यावर निवृत्तिवेतन हवे होते, त्यामुळे ती जपूनच घ्यावी लागते. जॉन बुल या संगीतकाराच्या सतराव्या शतकातील एका रचनेशी चालीचे साम्य आहे, परंतु तेवढ्यावरून उगम सिद्ध होत नाही. जुन्या, प्रचलित सुरावटींतून ही चाल हळूहळू घडली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रशिया, रशिया व स्वित्झर्लंड यांनी ती एकेकाळी उसनी घेतली होती. लिख्टेनश्टाइनने ती अजून सोडलेली नाही. त्यामुळे इंग्लंड-लिख्टेनश्टाइन फुटबॉल सामन्याआधी एकच चाल दोनदा वाजते. ब्रिटनमध्ये या गीतामागे कायदा नाही, केवळ रूढी आहे.

राष्ट्रगीताविषयीची नाराजी अनेकदा त्यातील शब्दांपेक्षा त्याच्या पूर्वेतिहासावर व सक्तीवर अवलंबून असते. जपान हे याचे ठळक उदाहरण; तेथे या गीताचा संबंध युद्धकाळातील सम्राटनिष्ठा व लष्करशाहीशी जोडला जातो. ‘किमिगायो’ला कायदेशीर दर्जा मिळाला तो १९९९ मध्ये, त्याच वर्षी हिरोशिमा प्रांतातील एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी शाळेत हे गीत गाण्यावरून शिक्षण मंडळ व शिक्षक यांच्यात चाललेल्या वादाच्या ताणाखाली आत्महत्या केली होती. टोकियोच्या शिक्षण मंडळाने २००३ मध्ये शाळांच्या समारंभांत शिक्षकांनी ध्वजाकडे तोंड करून उभे राहावे व गीत गावे, असा आदेश काढला आणि न मानणाऱ्यांवर कारवाई केली. पियानोची साथ करण्यास नकार देणाऱ्या एका संगीतशिक्षिकेविरुद्धचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कायम केला. उभे राहण्याचा आदेशही २०११ मध्ये घटनासंमत ठरला. मात्र पुढच्याच वर्षी कठोर शिक्षा देताना संयम पाळावा, असे न्यायालयाने म्हटले.

पश्चिम जर्मनीने १९५२ मध्ये नाझी काळातही वापरले गेलेले जुनेच गीत ठेवले, पण अधिकृत प्रसंगी त्याचे तिसरेच कडवे गायचे, असा तोडगा काढला. राष्ट्राऐवजी संविधानावरील निष्ठेला देशभक्तीचा पाया मानणारी डोल्फ श्टेर्नबर्गर व युर्गेन हाबरमास या जर्मन विचारवंतांची मांडणी याच पार्श्वभूमीवर पुढे आली. २००६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत रस्तोरस्ती ध्वज दिसले, याचे तेथे बरेच अप्रूप झाले.

अमेरिकेत राष्ट्रगीताला १९३१ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. तेथे खेळाच्या मैदानावर ते नित्याचे असल्याने निषेधही तेथेच होतो. कॉलिन केपर्निक या अमेरिकन फुटबॉल खेळाडूने २०१६ मध्ये कृष्णवर्णीयांवरील अन्यायाच्या निषेधार्थ गीताच्या वेळी गुडघा टेकला. स्पेनमध्ये २००८ मध्ये सुचविलेले शब्द टीकेमुळे काही दिवसांतच मागे घ्यावे लागले. कॅटलन व बास्क संघांच्या चषक सामन्यांत तर नुसत्या सुरावटीवरही शिट्ट्यांचा भडिमार झाला आहे.

भारतात आदराने उभे राहून, पण धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत न गाणाऱ्या केरळमधील तीन विद्यार्थ्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घटनाबाह्य ठरविले. चित्रपटगृहांत ते वाजविण्याची २०१६ ची सक्ती याच न्यायालयाने २०१८ मध्ये ऐच्छिक केली. हाँगकाँगमध्ये २०२० च्या कायद्यानुसार राष्ट्रगीताच्या अवमानास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

देशाभिमानाच्या आंतरराष्ट्रीय पाहण्यांत जपान व जर्मनी सामान्यतः खालच्या, तर अमेरिका वरच्या टोकाला असते. अशा आकड्यांतून राष्ट्रगीताविषयीची आस्था थेट मोजली जात नाही.

शब्दबदलाचे प्रयत्नही झाले आहेत. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये दोन गीते जोडून पाच भाषांतील एक गीत केले. ऑस्ट्रियाने २०१२ मध्ये पुत्रांबरोबर कन्यांचाही उल्लेख घातला, कॅनडाने २०१८ मध्ये तशाच हेतूने एक ओळ बदलली आणि ऑस्ट्रेलियाने मूलनिवासींचा प्राचीन वारसा लक्षात घेऊन २०२१ पासून ‘तरुण’ हे विशेषण वगळले.