मोनोबॉब: ढकलायचं एकटीनं, हाकायचंही एकटीनं

बॉबस्ले म्हणजे बर्फाच्या वळणदार ट्रॅकवरून स्लेज, म्हणजे घसरगाडी, खाली पळवायची शर्यत. दोघांच्या किंवा चौघांच्या बॉबस्लेमध्ये कामं वाटलेली असतात: पुढचा दिशा सांभाळतो, सगळ्यात मागचा शेवटी ब्रेक ओढतो. मोनोबॉबमध्ये हे सगळं एकाच खेळाडूवर येतं. 2016 च्या लिलेहॅमर युवा ऑलिंपिकमध्ये हा प्रकार खेळला गेला. महिलांच्या मोनोबॉबला 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली.

इथे सगळ्यांच्या स्लेज एकाच बनावटीच्या असतात. रिकामी स्लेज 160 किलोच्या आसपास, आणि खेळाडूसकट 248 किलोंच्या वर जायचं नाही. ही मर्यादा हवीच, कारण हवेचा अडथळा आकारावर ठरतो, वजनावर नाही. त्यामुळे तेवढ्याच आकाराची जड स्लेज जास्त वेगानं उतरते. खेळाडू हलकी असेल तर स्लेजला वजनं बसवता येतात. पण सुरुवातीला ते ओझं ढकलायचंही तिलाच असतं.

खरी परीक्षा सुरुवातीलाच आहे. काटेरी तळाचे बूट घालून मागून जोर लावायचा, स्लेज बर्फात कोरलेल्या खाचांतून सरळ पळवायची आणि धावता धावता आत उडी घ्यायची. पहिल्या 15 मीटरनंतरच्या 50 मीटरची वेळ वेगळी मोजतात. उडी लवकर घेतली तर वेग कमी पडतो. उशीर झाला तर स्लेज पायांपेक्षा जोरात पळू लागते, पाय मागे फरफटतात आणि खेळाडूच स्लेजला मागे खेचते. उडी एका बाजूला पडली तर स्लेज खाचांबाहेर पडताच तिरकी होते.

बसल्या बसल्या हातात दोन कड्या घ्यायच्या. त्यांच्या दोऱ्या पुढच्या दोन रनरना, म्हणजे स्लेजखालच्या पोलादी पट्ट्यांना, वळवतात. इथे हात जितका शांत तितका चांगला. जास्त ओढलं की रनर आडवे घासतात आणि वेग जातो. वळणात उशिरा शिरलं तर बाहेर पडताना स्लेज भिंतीवर आपटते किंवा उलटते. रनर गरम केले तर बर्फ जास्त वितळून घर्षण घटतं, म्हणून शर्यतीआधी त्यांचं तापमान तपासतात.

बीजिंगच्या शर्यती यानचिंगच्या ट्रॅकवर झाल्या. वरपासून खालपर्यंत उंचीतला फरक सुमारे 120 मीटर. घर्षण आणि हवा नसती तर खाली वेग ताशी 175 किलोमीटर भरला असता. प्रत्यक्षात तो 120 च्या आसपास राहतो. तिथे अमेरिकेच्या केली हम्फ्रीजनं चार फेऱ्यांत मिळून सहकारी एलाना मायर्स टेलरला 1.54 सेकंदांनी मागे टाकलं. ज्या खेळात पदकं सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतात, तिथे एकसारख्या स्लेजवरचं हे अंतर थक्क करणारं आहे.

ब्रेक मात्र अंतिम रेषेनंतरच ओढायचा. त्याचे दाते बर्फात रुततात. ट्रॅकवर मध्येच ओढला तर मागून येणाऱ्यांची वाट खरवडली जाते.